वंशसंहाराचे दफ्तर वाचणारे

अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९७२ साली ॲलिसन दे फोर्ज या तरुण विदुषीला इतिहासातील डॉक्टरेट दिली, ती मध्य आफ्रिकेतील रुआंडा नावाच्या एका लहानशा डोंगराळ देशाच्या मुसिंगा या राजाच्या कारकीर्दीवर लिहिलेल्या प्रबंधासाठी. १८९६ ते १९३१ या काळात या राजाच्या दरबारातील मानकरी, आधी आलेले जर्मन आणि मागाहून आलेले बेल्जियन अंमलदार, आणि या दोहोंच्या आश्रयाने स्थिरावलेले मिशनरी यांच्यात सत्तेची जी ओढाताण चालली, तिचा तो बारकाईने लिहिलेला वृत्तान्त होता. आणि असा विषय घेऊन पुढे करायचे काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर व्यवहारी माणसाचे समाधान होईल असे उत्तर देणे कोणालाही जड गेले असते. पुढे बावीस वर्षांनी, १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांच्या अवधीत, त्याच देशात किमान पाच लाख आणि पुष्कळ अभ्यासकांच्या मते आठ लाखांच्या आसपास माणसे, मुख्यतः तुत्सी समाजाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातून आणि सरकारी हुकमाने मारली गेली. जगातील मोठमोठ्या राजधान्यांत या घटनेची वासलात ‘टोळ्यांचे पुरातन वैर’ एवढ्या वर्णनाने लावली जात असताना, त्या देशाचा पूर्वेतिहास आणि तेथील कारभाराची उतरंड ज्यांना खरोखर ठाऊक होती अशा मूठभर माणसांत दे फोर्ज होत्या.

त्यांनी १९९९ साली ह्युमन राइट्स वॉच या संस्थेसाठी सिद्ध केलेला सुमारे ८०० पानांचा ग्रंथ वाचणाऱ्याच्या मनावर प्रथम बिंबते ते असे, की हा संहार उद्रेकाने घडला नाही, तो कारभाराने घडवला. प्रांताच्या प्रमुखाने तालुक्यासारख्या विभागाच्या प्रमुखाला लिहायचे, त्याने आपल्या हाताखालच्या सभासदांना बोलावून सभा भरवायची, सभेचे इतिवृत्त लिहून ठेवायचे, रस्त्यांवर कोठे नाके बसवायचे आणि कोणत्या पाळीला कोणी पहारा द्यायचा याची तजवीज करायची, आणि नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचे ते ओळखपत्र तपासायचे, ज्यावर जात-वंशाची नोंद करण्याची पद्धत बेल्जियन अंमलात पडली होती. बुटारे प्रांताचा प्रमुख स्वतः तुत्सी होता. त्याने जवळजवळ दोन आठवडे आपल्या प्रांतात मोठ्या प्रमाणावरील कत्तल होऊ दिली नाही. सरकारने त्याला पदावरून दूर केले, हंगामी राष्ट्राध्यक्षाने तेथे येऊन भाषण केले, आणि त्यानंतर तेथेही रक्ताचे पाट वाहिले. एका अधिकाऱ्याच्या असण्यानसण्याने एवढा फरक पडत असेल, तर पुरातन वैराची उपपत्ती टिकत नाही, हे या एका उदाहरणाने शाबीत होते. टांझानियातील अरुशा येथे संयुक्त राष्ट्रांनी स्थापिलेल्या न्यायाधिकरणासमोर दे फोर्ज अकरा खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांतलाच एक खटला रुआंडातील ताबा येथील माजी शिक्षक आणि स्थानिक कारभारी झाँ-पॉल अकायेसू याच्यावरचा होता, आणि त्याचा २ सप्टेंबर १९९८ रोजीचा निकाल हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराच्या गुन्ह्याबद्दल दिलेला पहिला दोषनिर्णय ठरला. त्याच निकालाने असेही ठरवून दिले, की वंशाच्या नाशाच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहाराचाच प्रकार होय. २००९ साली विमान-अपघातात दे फोर्ज यांचा अंत झाला, तोवर एका विस्मृत राजावरचा तो प्रबंध किती लांबवर पोहोचला होता हे सर्वांना दिसून चुकले होते.

दर वर्षी जूनच्या सुमारास, प्रवेशाची गडबड सुरू झाली म्हणजे, इतिहास घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना घरातील वडीलधाऱ्यांकडून जो प्रश्न विचारला जातो, त्याला वंशसंहाराचा इतिहास या विषयाच्या बाबतीत दुप्पट धार चढते. एक तर या विषयाने पोट भरणार नाही, आणि दुसरे, इतक्या अमंगळ गोष्टींत चार-पाच वर्षे बुडून राहून मुलीच्या मनाचे काय होईल, अशी ती चिंता असते. चिंता खोटी नाही आणि तिला मी हसण्यावारी नेणार नाही. पण या विषयाची पदवी म्हणजे दुःखाचे पारायण अशी जी समजूत आपल्याकडे आहे, ती मात्र साफ चुकीची आहे. या अभ्यासाचा गाभा रुजुवातीचा आहे: कोणता कागद अस्सल, कोणता बनावट, कोणता हुकूम कोणी कोणाला कधी दिला, नोंदवहीतील आकडा आणि जमिनीखाली सापडलेले अवशेष यांचा मेळ बसतो की नाही, आणि साक्षीदाराच्या आठवणीत काळाने काय मिसळले, हे ठरवण्याची ती विद्या आहे. असे शिक्षण घेतलेल्या माणसांची जगाला गरज आहे, आणि महाराष्ट्रात ती माणसे तयार करण्याची सामग्री पुष्कळ असूनही आपण ती वापरीत नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

परदेशात या विषयाच्या अध्यापनाची घडी आता बऱ्यापैकी बसली आहे. मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठात १९९८ पासून या विषयाला वाहिलेले केंद्र असून तेथे डॉक्टरेटपर्यंत अभ्यास करता येतो; न्यू जर्सीतील स्टॉक्टन विद्यापीठ पदव्युत्तर पदवी देते, न्यू हॅम्पशायरमधील कीन येथील महाविद्यालयात पदवीलाच हा मुख्य विषय घेता येतो; युरोपात ॲमस्टरडॅम आणि स्वीडनमधील उप्साला येथे, इस्राएलमध्ये हैफा येथे असे अभ्यासक्रम चालतात. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठात सामूहिक हिंसेचा इतिहास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवला गेला आहे, ही आपल्या देशापुरती समाधानाची बाब. अशा अभ्यासात दोन गोष्टी मला अपरिहार्य वाटतात. विद्यार्थ्याने ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा त्या प्रदेशाची भाषा त्याला आलीच पाहिजे, कारण भाषांतरावर विसंबून राहणारा अभ्यासक दुसऱ्याच्या चुकांचा वारसदार होतो. आणि कायद्याचा निदान पायाभूत परिचय त्याला असलाच पाहिजे, कारण हा विषय इतिहासाच्या आणि न्यायालयाच्या सीमेवर उभा आहे.

तो त्या सीमेवर उभा राहिला याचे श्रेय राफाएल लेमकिन या एका हट्टी पोलिश ज्यू वकिलाला आहे. ल्वूव्ह येथे शिकत असताना, १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तुर्कस्थानचा माजी वजीर तलात पाशा याला गोळी घातल्याची आणि ज्यूरीने त्या तरुणाला निर्दोष सोडल्याची हकीकत त्याने वाचली. एका माणसाचा खून हा गुन्हा आणि लाखोंचा संहार करणाऱ्याला जाब विचारणारे न्यायासन कोठेच नाही, ही विसंगती त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे नाझींनी त्याच्या आप्तेष्टांपैकी ४९ जणांचा बळी घेतला. १९४४ साली वॉशिंग्टनहून प्रसिद्ध झालेल्या, जर्मनांनी व्यापलेल्या युरोपातील कायदे आणि फर्माने यांचे संकलन असलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या गुन्ह्याला नाव दिले, आणि पुढे काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या दालनांतून प्रतिनिधींच्या मागे हिंडून ९ डिसेंबर १९४८ रोजी त्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत करवून घेतला. या प्रकरणात भारताचा वाटा लहान नव्हता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही: १९४६ साली आमसभेपुढे हा विषय आणण्यात क्यूबा आणि पनामा यांच्या जोडीला विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळ होते. भारताने कराराला अंतिम मान्यता दिली ती २७ ऑगस्ट १९५९ रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिनचा देहान्त झाला. त्यानंतर मात्र आपण थांबलो. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल १७ डिसेंबर २०१८ रोजी देताना स्पष्ट नमूद केले, की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे दोन्ही आपल्या देशांतर्गत कायद्याचा भाग नाहीत आणि ही उणीव तातडीने दूर व्हायला हवी. त्यानंतर फौजदारी संहिता नव्याने लिहिली गेली. उणीव तशीच राहिली.

आता या अभ्यासकाला प्रत्यक्षात काय वाचावे लागते ते पाहू. राउल हिलबर्ग हा व्हिएन्नात जन्मलेला आणि १९३९ मध्ये आईवडिलांसह देश सोडून अमेरिकेला गेलेला ज्यू तरुण युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात ज्यूंच्या संहारावर प्रबंध लिहायला बसला, तेव्हा त्याचे मार्गदर्शक फ्रान्झ नॉयमान यांनी त्याला बजावले, की या विषयाने तुझ्या विद्यापीठीय आयुष्याची अंत्ययात्रा निघेल. अनेक प्रकाशकांनी नाकारलेला त्याचा ग्रंथ अखेर १९६१ साली निघाला आणि त्यावर आज सारे शास्त्र उभे आहे. हिलबर्गने आपली नजर छळछावण्यांच्या कुंपणापाशी न ठेवता खात्याखात्यांच्या दफ्तरांवर ठेवली, आणि त्यांत त्याला जर्मन रेल्वेचे कागद सापडले. मृत्यूच्या छावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या माणसांचे भाडे रेल्वे आकारीत असे. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफी. एका गाडीत चारशे किंवा त्याहून अधिक माणसे असली तर सहलीच्या गटांना मिळणारी सवलत. जाणाऱ्यांचे भाडे एकेरी, आणि परतीचे फक्त पहारेकऱ्यांचे. ट्रेब्लिंका येथील छावणीकडे १९४२ च्या सप्टेंबरात सोडलेल्या गाड्यांचे एक वेळापत्रक त्याने अभ्यासले होते; गाडी कोठून किती वाजता निघाली, कोठे थांबली, भरून केव्हा पोहोचली आणि रिकामी केव्हा परतली, एवढेच त्यात लिहिले होते, आणि ज्याला वाचता येते त्याला त्या दोन नोंदींतून हजारो माणसांचा अंत कळत होता. तो कागद कोणत्याही गुप्त तिजोरीतला नव्हता. रोजच्या कामकाजाच्या ओघात एका कारकुनाने काढलेला आणि संबंधित स्थानकांना रवाना केलेला तो एक साधा हुकूम होता.

हे वाचताना महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून गावोगाव फिरून, माळ्यावरची आणि अडगळीतली रुमाल-गाठोडी सोडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला आरंभ केला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले; या सगळ्या खटाटोपामागे एकच आग्रह होता, की बखरीतल्या वर्णनापेक्षा हिशेबाचा कागद, मजमूदाराची नोंद, तारीख-वार जुळणारे पत्र यांवर भरवसा ठेवावा. मोडीतले एक अक्षर चुकीचे लागले तर माणसाचे नाव, गावाचे नाव आणि लढाईचा दिवस कसा बदलतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही संशोधकाने शिष्याला पहिल्या महिन्यात दाखवलेले असते. रेल्वेचे वेळापत्रक वाचणारा हिलबर्ग आणि जमाखर्चाचे ताळेबंद वाचणारे आपले संशोधक यांची जातकुळी एकच आहे. आपण ही शिस्त गतवैभवाच्या शोधासाठी राखून ठेवली आणि विसाव्या शतकातील सर्वांत भीषण दफ्तरे वाचण्यासाठी ती कधी बाहेर काढली नाही, हे मला खरोखर खेदाचे वाटते.

या शिस्तीची किंमत न्यायालयात कळते. अमेरिकेच्या न्यायखात्यात १९७९ साली एक विशेष कचेरी उघडण्यात आली. नाझींच्या बाजूने छळात भाग घेऊन नंतर खोटी माहिती देऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांचा शोध घेणे हे तिचे काम, आणि त्यासाठी वकिलांच्या जोडीला पगारी इतिहाससंशोधक नेमलेले होते. याच कचेरीच्या हातून जॉन डेम्यान्युक याचे प्रकरण गेले. क्लीव्हलंडमध्ये मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या या युक्रेनी माणसाला ट्रेब्लिंका येथील ‘इव्हान द टेरिबल’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला रक्षक ठरवून १९८६ मध्ये इस्राएलच्या हवाली करण्यात आले. तेथून वाचलेल्या वृद्धांनी भर न्यायालयात त्याला ओळखले, आणि १९८८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर जी दफ्तरे उघडली त्यांतील जबान्यांवरून मात्र दिसू लागले, की तो क्रूरकर्मा बहुधा मार्चेन्को नावाचा दुसराच कोणी होता. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९९३ रोजी डेम्यान्युकला संशयाचा फायदा देऊन सोडले, आणि त्याला अनुकूल असलेला पुरावा सरकारी पक्षाने दडवून ठेवला होता, असा ठपका अमेरिकेतील अपील न्यायालयाने ठेवला. पण कागदांची छाननी एवढ्यावर थांबली नाही. तो सोबिबोर या दुसऱ्या मृत्यूछावणीत रक्षक होता हे ओळखपत्र आणि बदल्यांच्या याद्या यांवरून उघड होत गेले, आणि १२ मे २०११ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने तेथील २८ हजारांहून अधिक खुनांत साहाय्य केल्याबद्दल त्याला दोषी ठरवले. त्याचे अपील निकालात निघण्यापूर्वीच तो मरण पावला. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांनी साक्ष दिली ते खोटे बोलत नव्हते. त्यांची वेदना खरी होती आणि त्यांची ओळख चुकली होती. अशा प्रसंगी वेदनेचा मान राखूनही कागद काय म्हणतो हे निर्भयपणे सांगू शकेल असा माणूस तयार करणे, हे या पदवीचे सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

दुसरे उदाहरण लंडनचे. डेव्हिड आयर्विंग या इंग्रज लेखकाने, आपल्याला हॉलोकॉस्ट, म्हणजे ज्यूंचा संहार, नाकारणारा म्हटले म्हणून, अमेरिकन प्राध्यापिका डेबोरा लिपश्टाट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली; इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे आपले विधान खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर येतो. त्यांच्या वतीने केंब्रिजचे रिचर्ड इव्हान्स यांनी दोन संशोधक विद्यार्थ्यांना हाताशी धरून आयर्विंगच्या पुस्तकांतील तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. एस.एस. या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याच्या दूरध्वनीच्या नोंदीत, १ डिसेंबर १९४१ या तारखेखाली, आयर्विंगने एका शब्दाच्या जागी ‘ज्यू’ असे वाचले होते आणि त्यावरून ज्यूंना आहेत तेथेच राहू देण्याचा हुकूम हिमलरने दिला असा अर्थ काढला होता. मुळात ती ओळ एस.एस.च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांविषयी होती. अशा चुका डझनांनी निघाल्या, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला, हिटलरला निर्दोष दाखवण्याच्या बाजूला, झुकलेल्या होत्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी फिर्याद फेटाळली. त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक, निकोलाउस वाक्समान, याने पुढे नाझी छळछावण्यांचा समग्र इतिहास लिहिला.

न्यायालयाबाहेरही कामे आहेत, पण ती थोडी आहेत आणि त्यांना स्पर्धा आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीतील बाड आरोल्सन येथील पुराभिलेखागारात सुमारे तीन कोटी कागद जतन केलेले असून, आपले आजोबा कोठे गेले हे विचारणारी पत्रे तेथे अजूनही हजारोंनी येतात आणि त्यांना उत्तरे देणारी माणसे लागतात. ग्वातेमाला शहरात २००५ साली पोलिसांचे सुमारे आठ कोटी पानांचे टाकून दिलेले दफ्तर सापडले, तेव्हा ते पुसून, लावून, वाचण्यायोग्य करण्यात तरुण अभिलेखपालांची एक पिढी घडली. कंबोडियात येल विद्यापीठाच्या प्रकल्पातून १९९५ साली निघालेले आणि नंतर स्वतंत्र झालेले कागदपत्र-केंद्र, ख्मेर रूज या तेथील राजवटीच्या संहारातून वाचलेल्या युक छांग यांच्या देखरेखीखाली, पुढे उभ्या राहिलेल्या न्यायाधिकरणाला पुरावा पुरवीत राहिले. संग्रहालये, शाळांचे अभ्यासक्रम, निर्वासितांचे अर्ज तपासणाऱ्या संस्था आणि वृत्तपत्रे यांतही हे शिक्षण कामी येते. माझा सल्ला एवढाच, की नुसत्या कळवळ्याच्या भांडवलावर या विषयात उतरू नये. त्याच्या जोडीला एखादी कठीण भाषा, कायदा, संख्याशास्त्र किंवा अभिलेखविद्या यांपैकी काहीतरी हाती असावे. तसे असले म्हणजे विषयातली जागा मिळाली नाही तरी ते कौशल्य वाया जात नाही.

मनावरच्या भाराचे काय? तो भार असतोच, आणि चांगल्या संस्था विद्यार्थ्याला एकट्याने तो वाहू देत नाहीत. पण या शास्त्राची मुळे शोधीत गेल्यास आपण वॉर्साच्या ज्यू वस्तीत पोहोचतो, तेथे इमान्युएल रिंगेलब्लुम हा वॉर्सा विद्यापीठाचा इतिहासातला डॉक्टर, मध्ययुगीन ज्यूंच्या जीवनावर प्रबंध लिहिलेला, भिंतीआड कोंडलेल्या अवस्थेत साठ-एक सहकारी जमवून गुप्त दफ्तर उभारीत होता. रेशनची कुपने, शाळकरी मुलांचे निबंध, भूक-मृत्यूंचे तक्ते, चॉकलेटचे कागद, वाङ्मयीन कार्यक्रमांची हस्तपत्रके, ट्रेब्लिंकाहून निसटलेल्यांच्या जबान्या, असे सर्व त्यांनी गोळा केले. आणि वस्तीतून मृत्यूछावणीकडे रवानगी सुरू झाल्यावर ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून जमिनीत पुरले. रिंगेलब्लुम १९४४ च्या मार्चमध्ये मारला गेला. १९४६ साली ढिगाऱ्याखालून एक भाग निघाला, १९५० साली दुसरा; तिसरा अद्याप सापडलेला नाही. उपासमारीत बसून ज्यांनी प्रश्नावल्या तयार केल्या, दोन्ही बाजूंच्या साक्षी लिहून घ्या, आपल्या समाजातील लाचखोर आणि फितूर यांच्याविषयीही लपवून ठेवू नका, असा दंडक घालून घेतला, त्यांच्या कामाची ओळख झालेला विद्यार्थी खचून जाईल असे मला वाटत नाही. अशा अभ्यासाने मनाला बळ आलेली माणसेच मला अधिक आढळली आहेत.

आपल्या अज्ञानाचा पुरावा मात्र पदपथावर मांडलेला असतो. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील पुस्तकांच्या पथाऱ्यांत हिटलरच्या आत्मचरित्राची इंग्रजी आणि मराठी प्रत यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांशेजारी पडलेली असते, आणि ती घेणारा तरुण बहुधा दुष्ट नसतो. शिस्त आणि देशप्रेम यांचे काहीतरी त्यात असेल अशा समजुतीने तो ती घेतो, कारण त्या माणसाच्या कारकिर्दीचा दुसरा हिशेब त्याला कोणी दिलेलाच नसतो. आणि आपल्याला सांगण्यासारखे तर जवळचेच किती आहे! १३ जून १९७१ रोजी लंडनच्या संडे टाइम्समध्ये पूर्व पाकिस्तानातील पाकिस्तानी लष्कराच्या संहाराची जी प्रदीर्घ हकीकत वंशसंहार अशा एकाच शब्दाच्या मथळ्याखाली छापून आली, तिचा लेखक अँथनी मस्करेन्हस हा बेळगावात जन्मलेला, गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातला, कराचीत वार्ताहर असलेला माणूस होता. लष्कराने त्याला आपल्या शौर्याचे वर्णन लिहायला नेले होते, आणि त्याने आधी बायकामुलांना देशाबाहेर काढून, मग स्वतः निसटून, पाहिले ते लिहिले. त्या संहारातील मृतांचा आकडा तीन लाख की तीस लाख याविषयी अद्याप वाद आहे, आणि असा वाद भावनेने मिटत नाही. त्याला बांगला जाणणारा, खेड्याखेड्यातील नोंदी वाचणारा आणि लोकसंख्येचे गणित समजणारा अभ्यासक लागतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, राहून गेले. पूर्व पोलंडच्या ज्या पट्ट्यातून सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियाकडे हाकलले होते, त्याच पट्ट्यात लेमकिनचे जन्मगाव येते. वळिवड्याचे नाव आपल्याकडे निघते ते पाहुणचाराच्या आठवणीपुरते. ही माणसे तेथे का आली याचा अभ्यास कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याने करावा, हे अगदी स्वाभाविक आहे.

अशा अभ्यासासाठी नव्या इमारतीची गरज नाही; त्याला लागणाऱ्या विद्या येथे आधीच आहेत. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे १९९५ च्या जुलैमध्ये मारल्या गेलेल्या सुमारे ८ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष व मुलांपैकी पुष्कळांचे देह मारेकऱ्यांनी यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरले होते, आणि मूळ खड्डा व दुसरा खड्डा यांचा संबंध माती, परागकण आणि काडतुसांच्या टोपणांवरून पुरातत्त्वज्ञांनी जुळवून दाखवला. उत्खननाची तशी शिस्त पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. त्याच प्रकरणात बेपत्ता ठरलेले लोक प्रत्यक्षात जिवंत आहेत हा आरोपींचा बचाव, जनगणना आणि मतदारयाद्या बेपत्तांच्या यादीशी पडताळून, लोकसंख्याशास्त्रज्ञांनी खोडून काढला. त्या शास्त्राची राष्ट्रीय संस्था मुंबईत देवनारला आहे. परकीय भाषांसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, कागद वाचण्याची परंपरा संशोधक मंडळात आणि पेशवे दफ्तरात आहे, कायद्याची नामांकित महाविद्यालये दोन्ही शहरांत आहेत. पुणे, मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आरंभी पदव्युत्तर वर्गाला एक वर्षाचा ऐच्छिक विषय ठेवावा. त्यात एक प्रकरण ज्यूंच्या संहाराचे, एक रुआंडाचे, एक १९७१ चे असावे, प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक मूळ कागदसंच त्याच्या भाषेत वाचून त्याची रुजुवात सादर करावी, आणि फाळणीपासून १९८४ पर्यंतची आपल्या देशातली प्रकरणे टाळली जाऊ नयेत. दिल्ली उच्च न्यायालयाने दाखवलेली उणीव भरून काढणारा कायदा कधी ना कधी लिहावाच लागेल, आणि त्याचा मसुदा करणाऱ्यांनी अरुशाचे आणि स्रेब्रेनित्साचे निकाल वाचलेले असले पाहिजेत. विद्वत परिषदेच्या येत्या बैठकीत एवढा ठराव मांडायला कोणा एका प्राध्यापकाने उभे राहावे, आणि त्याला अनुमोदन देणाऱ्यांत इतिहासाबरोबर कायदा, लोकसंख्याशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांचेही लोक असावेत.